अतींद्रिय डिटेक्टिव्ह आणि बॉस्टन

अतींद्रिय डिटेक्टिव्हच्या कादंबऱ्यांबद्दल कुणीतरी म्हटलंय की वस्तूला हात लावून खुनी ओळखणारा माणूस तपासात येणं ही लेखकाची निव्वळ सोय, खरे पोलीस अशाला दारात उभं करणार नाहीत. सोय आहे हे कबूल. अडलेलं कथानक एका स्पर्शात पुढे सरकतं! पण दाराचं मात्र पटलं नाही. बॉस्टनमध्ये १९६२ ते १९६४ या काळात बायकांचे गळा आवळून खून होत होते, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने पीटर हुर्कोसची मदत घेतली होती. हा डच रंगारी. १९४१ मध्ये शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून आपल्याला 'दिसतं' असं सांगायचा. गळा आवळायला वापरलेले पायमोजे हातात धरून तो वर्णनं करत बसे. शेवटी त्याने बोट ठेवलं एका जोडे विकणाऱ्यावर.

पुढे या खुनांची कबुली दिली ती दुसऱ्याच माणसाने, आल्बर्ट डिसाल्व्होने, आणि २०१३ मध्ये डीएनए जुळला (निदान शेवटच्या खुनापुरता) तोही त्याचाच. बाकीच्या खुनांवर अजून वाद चालूच आहेत. म्हणून मला या कादंब‍ऱ्यांत खटकतं ते वेगळंच: नायकाला दिसलेलं नेहमी खरंच निघतं. तो जोडेवाला कुणीच लिहीत नाही. हुर्कोस निघून गेल्यावर त्याच्याकडे शेजारीपाजारी कसे बघत असतील, यावर कुणी लिहिलं तर रात्र जागून वाचेन.