भाच्याने कॉलेज सोडलं, मोटर वाइंडिंग शिकतोय. आयटीआयला घालावं का? (बडोदा)

दांडियाबाजारची_मावशी
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझा भाचा १९ वर्षांचा, बारावी कॉमर्स कसाबसा निघाला, मग सगळ्यांनी मिळून त्याला बी.कॉम.ला ढकलला, वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि आत्ता कळतंय की कॉलेजात पाऊलच टाकत नव्हता, दिवसभर मोटर वाइंडिंगवाल्या चाचांच्या दुकानात बसायचा!! घरात महाभारत झालं. भाऊजी बँकेत, ते म्हणतात आमच्या सात पिढ्यांत कोणी हातात पाना धरला नाही. (खरंय म्हणा, आम्ही बडोद्याचे मराठी म्हणजे कचेरीतलेच.) गंमत म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर जळली ती यानेच भरून (म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून) दिली आणि आम्हाला पत्ताच नाही. आता तो म्हणतो चाचांकडेच राहतो, ताई म्हणते निदान आयटीआय तरी कर. बारावी करून आयटीआय म्हणजे मागे जाणं नाही का? आणि फिटर घ्यावा की इलेक्ट्रिशियन?

मकरपुरा_रिटायर्ड
ताई, मी ३१ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मेंटेनन्समध्ये काढली. फिटर की इलेक्ट्रिशियन हे तुम्ही काय ठरवताय, पोरगं वर्षभर ज्या दुकानात जाऊन बसलं तिथेच ते ठरलंय. वाइंडिंग हे काम चिकाटीचं आहे हो, जळकी कॉइल काढताना आधी आटे (तारेचे वेढे) मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, मायक्रोमीटरने बघायचा, स्लॉट खरवडून साफ करायचे, कागद घालायचा, मग नवीन कॉइल बसवून दोऱ्याने बांधायची आणि वर व्हार्निश. एक आटा चुकला की सगळं परत. कंटाळा करणारं पोरगं तिथे आठवडाभर टिकत नाही.
पण त्याला एकच विचारा, तुमची मोटर का जळली होती? भरून देणारे शंभर मिळतात. कारण न शोधता भरली तर तीच मोटर चार महिन्यांत परत दुकानात येते, आणि काही दुकानवाल्यांना ते बरंच असतं 😄
आणि ते सात पिढ्यांचं भाऊजींना सांगा, राजमहाल रोडवरचं कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० साली हातात पाना धरायला शिकवण्यासाठीच काढलं होतं, दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज तिथे इंजिनियर होतात म्हणून आपण पाना विसरलो.

वायरमन_वाघोडिया
काकांशी सहमत पण नुसतं चाचांकडे राहू देऊ नका. हात कितीही चांगला असू दे, मोठ्या प्लांटमध्ये गेटवर आधी सर्टिफिकेट मागतात, वायरमनच्या लायसन्सलाही कागद लागतो. इलेक्ट्रिशियन २ वर्षांचा ट्रेड आहे, दहावी पासवर मिळतो, त्यामुळे बारावी कॉमर्स आडवी येत नाही. माझ्या बॅचला तर बी.ए. झालेला एक जण होता, सगळ्यात मोठा म्हणून आम्ही त्याला काकाच म्हणायचो. नंतर अप्रेंटिसशिप नक्की करायला लावा, स्टायपेंड मिळतो आणि मोठ्या कंपनीचं काम आतून बघायला मिळतं. पुढे वाटलं तर सी टू डी आहे, म्हणजे आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, मी तेच केलं.
एक अनुभव सांगतो. पहिली नोकरी कॉन्ट्रॅक्टरकडे होती, दर महिन्याला पगारातून पीएफ कापायचा, दीड वर्षाने पासबुक बघितलं तर भरलेलाच नाही. पहिल्या महिन्यातच यूएएन (पीएफचा नंबर) घ्यायला सांगा त्याला आणि दर महिन्याला मोबाईलवर बघायचं.

बिनधास्त_बडोदेकर
वेल्डर करा ना सरळ. १ वर्षात मोकळा, परदेशात डिमांड!

मकरपुरा_रिटायर्ड
अहो बिनधास्त, वर्षात सर्टिफिकेट मिळतं, वेल्डर होत नाही. पाइप ४५ अंशांत बांधून ठेवतात, तो हलवायचा नाही, आपणच भोवती फिरून जोड मारायचा, ती सिक्स-जी टेस्ट, आणि वरून एक्स-रे काढतात. आणि वेल्डिंगचा आर्क, म्हणजे तो झगझगीत उजेड, डोळ्यांना लागल्यावर काय होतं ते ठाऊक आहे का, दिवसा काही नाही, रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं. ज्याला आवडतं त्याला सोन्याचं काम आहे, पण तांब्याच्या तारेत रमणाऱ्याला कशाला तिकडे पाठवायचं.

मांजलपूरची_सुनंदा
माझा सूर थोडा वेगळा आहे. सगळे ट्रेडचं सांगताय पण वर्षभर खोटं बोलला त्याचं काय? आमच्याकडेही असंच झालं होतं, दिराच्या मुलाचं. नंतर लक्षात आलं की घरात खरं सांगायची सोयच ठेवली नव्हती आम्ही. भाऊजींना एकदा त्या दुकानात नुसतं बसवून या, उपदेश न करता. लग्नाचं म्हणाल तर मुलीकडचे डिग्री विचारतात, खोटं कशाला बोलू.

दांडियाबाजारची_मावशी
सगळ्यांना थँक्यू. काका, विचारलं त्याला. म्हणाला मावशी, तुमचा पंप मे महिन्यात बंद होता ना, आत गंज धरून पंखा जाम झाला होता, वॉचमनने तसंच बटण दाबून धरलं, मोटर फिरेना आणि करंट खात राहिली. नुसतं वाइंडिंग करून बसवली असती तर त्याच दिवशी परत जळली असती, म्हणून मी आधी पंप खोलला. हे सगळं भाऊजींच्या समोर सांगितलं बरं का. ते पेपरमध्ये तोंड घालून बसले होते, पण पान काही उलटलं नाही.
सुनंदाताई, रविवारी दुकान उघडं असतं म्हणे, नेते त्यांना. वायरमनदादा, आयटीआय तरसालीचं घ्यावं की गोरव्याचं? त्याच्याकडे गाडी नाहीये.

वायरमन_वाघोडिया
दोन्हीकडे फॉर्म भरा, जिथे इलेक्ट्रिशियन मिळेल तिथे. बस आहे ताई, आम्ही पण बसनेच गेलो.