मदत हवी आहे: स्टीलच्या रेलिंगवर तांबूस डाग

चिऱ्याचं_घर: गच्चीचं स्टेनलेस रेलिंग बसवून चार महिने झाले नाहीत तोच पाइपांवर चहा सांडल्यासारखे डाग. चतुर्थीला मुंबईकर येणार. फॅब्रिकेटर म्हणतो, खारी हवा, होणारच. मग लोखंडच घेतलं असतं की! काय लावू? लवकर सांगा.

तांडेल: गाव कुठलं? दर्या किती लांब? ग्रेड कुठला?

चिऱ्याचं_घर: तारकर्ली. गच्चीवरून लाटा दिसतात. 304 आहे, चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही.

वेल्डिंगवाला: चुंबक 202 ग्रेडच्या स्टीललाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. बिल बघा. आणि एवढ्या जवळ 316 च हवा होता. स्टीलवर क्रोमियमचा पापुद्रा असतो, मिठातलं क्लोराइड तो पोखरतं. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे तो टिकाव धरतो.

तांडेल: कशाला एवढा खर्च? जस्ताचा ठोकळा लाव. आमच्या ट्रॉलरला पंख्याजवळ असतो. जस्त झिजतं, पंखा शाबूत.

वेल्डिंगवाला: ट्रॉलर पाण्यात असतो हो! दोन्ही धातू एकाच पाण्यात बुडालेले असतील तरच ते चालतं. गच्चीवर नुसता ठोकळा लटकेल.

तांडेल: आमचं वीस वर्षं चालतंय.

कोकम_आगळ: आमची आजी समई कोकमाने घासायची. लखलखीत! करून बघा.

तांडेल: ती पितळेची गो. बाकी कणकवली बाजूला कल्हईवाला आहे का कोण? आईच्या पातेल्यात आमटी कळकते.

कोकम_आगळ: हल्ली कल्हईवाले कुठे फिरतात? आमचीपण दोन पातेली माळ्यावर पडलीत.

वेल्डिंगवाला: धागा रेलिंगचा आहे. डाग सगळीकडे सारखे की खाली जास्त? फरशी कधी बसवली?

चिऱ्याचं_घर: खालच्या वीतभरात जास्त. फरशी नंतर बसवली, गवंड्याने सिमेंट काढायला ॲसिड ओतलं होतं. त्याचा काय संबंध? मी तारेच्या काथ्याने घासलं, दोन दिवस चकचकीत, मग आणखी लाल.

वेल्डिंगवाला: हे आधी सांगायचं ना! ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे पुन्हा क्लोराइडच. वर काथ्याचे लोखंडी कण पाइपावर राहिले, आता तेही गंजतायत. फॅब्रिकेटरकडून पिकलिंग पेस्ट, म्हणजे गंज काढणारं ॲसिडचं मलम, लावून घ्या, स्वतः नको, हात भाजतील. मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा. पुढे दर आठवड्याला पाणी आणि मऊ फडकं. बिलावर काय लिहिलंय?

चिऱ्याचं_घर: "एसएस पाइप". बस, एवढंच.

तांडेल: म्हणून म्हटलं, जस्त लाव.