वसाहतीतील ब्राझिलियन उपाहारगृह : चोचला की चांगले जेवण?

तापीकाठ : जळगावात आमच्या वसाहतीत सुरू झालेले ब्राझिलियन पद्धतीचे उपाहारगृह म्हणजे ‘पैसेवाल्यांचा चोचला’ आहे, शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचे मटण असताना खानदेशाला त्याची गरज नाही, असे येथे काल एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प राहवले नाही. ही पद्धत ब्राझीलच्या दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातील गुराख्यांची आहे. मांसाला जाडे मीठ लावायचे, ते सळईत ओवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे, एवढाच तिचा मूळ खटाटोप. वाढपी सळई घेऊन टेबलापाशी येतो, भाजलेली कड तेवढी कापून देतो, आणि समोरच्या चकतीची हिरवी बाजू वर असेपर्यंत फेऱ्या मारत राहतो. लाल बाजू वर केली की थांबतो. मटण म्हणजे रस्साच, असे आयुष्यभर मानणाऱ्या माझ्या वडिलांनी बोकडाच्या मांडीची ती खरपूस, खारट कड दुसऱ्यांदा मागून घेतली. यात चोचला कोठे आला?

पऱ्हाटी : भाऊ, निखाऱ्याच्या गोष्टी सांगता, पण त्या स्वयंपाकघरात गॅसची भट्टी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. आपल्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बामणोदचे वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजायचे, ही आपली रीत. गॅसवर भाजलेले भरीत आमच्या घरी कोणी ताटात घेत नाही. मग गॅसवरच्या मांसाला एवढे पैसे का मोजायचे?

अमळनेरची सून : पैशांचा विषय निघालाच आहे, तर आमचेही ऐकावे. घरातील निम्मी माणसे शाकाहारी असूनही सर्वांकडून एकच दर घेतला गेला. ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्याच पिठाचे चीज घातलेले गोळे आणि दालचिनी लावून भाजलेले अननस उत्तम होते, हे नाकारत नाही; परंतु तेवढ्यासाठी मांसाहाराचा दर देणे हा सरळ अन्याय आहे. शेजारच्या टेबलावर तर मांस ताटात तसेच टाकून लोक उठले.

चाळीसगावकर : मूळ मुद्दा राहूनच जातो आहे. या जेवणाचा मान ‘पिकान्या’चा, म्हणजे गुराच्या पुठ्ठ्यावरील चरबीच्या थरासह भाजलेल्या तुकड्याचा. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. तरीही तेथील यादीत ते नाव छापलेले आहे, आणि विचारल्यावर वाढप्याने ते बोकडाचे असल्याचे सांगितले. गिऱ्हाइकाला असे अंधारात ठेवणे मला मान्य नाही.

तापीकाठ : नावाचा आक्षेप रास्त आहे, ताईंचा दराचाही. मात्र पऱ्हाटी भाऊंनी भरिताची फूटपट्टी मांसाला लावू नये. कपाशीच्या काड्यांचा जाळ भडकतो आणि लवकर बसतो. वांग्याची साल करपायला तो पुरतो. मांसाच्या जाड तुकड्याला तासभर टिकणारा निखारा लागतो.

पऱ्हाटी : आमच्या शिवारात तीन पिढ्या भरिताच्या पार्ट्या होत आल्या आहेत; विस्तव कसा असतो, हे मला शिकवू नये.

धुळेकर : आवाज चढवून विस्तव पेटत नाही. आमच्याकडे तुरीच्या काड्यांवर भरीत होते आणि तेही तितकेच उत्तम लागते. तेव्हा कपाशीचा एवढा अभिमान कशाला? मांसाची गोष्ट वेगळी. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर वर उठून मांसाला लागतो आणि त्यातून ती चव येते. त्यासाठी बाभळीचा कोळसा हवा.

पऱ्हाटी : तुरीच्या काड्यांचे भरीत मी खाल्ले आहे, त्याविषयी न बोललेले बरे. बाभळीच्या कोळशाचे म्हणणे मात्र मान्य करावे लागते. त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो : पद्धत चांगली असेल, हे उपाहारगृह ती पाळत नाही. तेथे गॅस निघून कोळसा येईपर्यंत मी पाऊल ठेवणार नाही.

तापीकाठ : मालकांना कोळशाविषयी मी स्वतः विचारणार आहे, शाकाहारी दराविषयीही. वडिलांना मात्र पुढच्या रविवारी तेथेच नेणार.