मिरर डिंगीची नाळ चपटी का, आणि जुनी होडी घ्यावी का?

प्रश्न – पाणकावळा
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका क्लबात मी सध्या शिडाची होडी हाकायला शिकत आहे. तेथील एका सभासदांकडे १९७० च्या दशकातील लाकडी मिरर डिंगी विकाऊ आहे. लांबी जेमतेम ३.३ मीटर, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, निमुळती होण्याऐवजी फळी ठोकल्यासारखी चपटी आणि डोलकाठी तर अर्धीच वाटावी इतकी आखूड. अशा रचनेमागे काय विचार असावा? ही होडी केवळ मुलांना फिरवण्यापुरती आहे, की तिच्यातून शर्यतीतही उतरता येते?

उत्तर – उधाण
ज्याने आयुष्यात कधी होडी बांधलेली नाही, अशा माणसाला ती घरी बांधता यावी, या एका अटीतून मिररची बहुतेक वैशिष्ट्ये आली आहेत. दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि कॅडेट, जीपी १४, एंटरप्राइझ यांसारख्या डिंग्यांचे आराखडे करणारे जॅक होल्ट यांनी १९६२ मध्ये ती आकाराला आणली. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ती उचलून धरली, म्हणून नावही तेच आणि शिडे लाल. जाहिरात म्हणा हवे तर, पण दुरूनही ओळखू येणारी! सुट्या भागांचा संच सुरुवातीला ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळत असे. प्लायवूडचे कापून दिलेले तक्ते कडेच्या भोकांतून तांब्याच्या तारेने एकमेकांना ‘शिवायचे’ आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची, एवढीच मुख्य कृती असल्याने बोटबांधणीचा अवजड साचा लागत नसे. नाळ चपटी ठेवल्यामुळे पुढच्या टोकाशी तक्त्यांना फारसा पीळ द्यावा लागत नाही आणि एवढ्याशा लांबीत बसायला जागाही बरीच मिळते. अशा ७०,००० हून अधिक होड्या बांधल्या गेल्या.

उत्तर – सुकाणूधारी
वरील उत्तरात डोलकाठीचे राहून गेले, ते सांगतो. मूळ मिररला गंटर पद्धतीचे शीड असते. डोलकाठी आखूड, आणि शिडाची वरची कड पेलणारी दुसरी काठी दोरीने वर ओढली की ती डोलकाठीला जवळजवळ समांतर उभी राहते. त्यामुळे उंची पुरेशी मिळते आणि उतरवल्यावर सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात. होडीचे वजन सुमारे ४५ किलो, म्हणजे दोघांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवण्यासारखे. चपट्या नाळेचे मात्र मी इतके कौतुक करणार नाही, कारण आखूड, उभ्या लाटांत ती पाण्यावर आपटते आणि पुढे बसणारा चिंब होतो.
राहिला शर्यतीचा प्रश्न. मोठे शीड, जिब (पुढचे लहान शीड) आणि हवे तर स्पिनेकर (मागून वारा असताना उभारायचे फुगीर शीड), असे सर्व काही दोघांना हाताळावे लागत असल्याने शिकणाऱ्याच्या हाताला भरपूर काम मिळते. नियमांनी सर्व होड्या एकसारख्या राखल्या असल्यामुळे कस लागतो तो चालवणाऱ्याचा. २००६ पासून अखंड डोलकाठीचे बर्म्युडा शीडही मान्य आहे, तेव्हा ताफ्यात दोन्ही प्रकार दिसले तर गोंधळू नये.

उत्तर – भरती
घेण्यापूर्वी हवाबंद कप्पे जरूर पाहावेत. ते पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना असतात आणि होडी उलटली तरी तेच तिला तरंगती ठेवतात. त्यांची बुचे किनाऱ्यावर काढून न ठेवल्यास आतली ओल कोंडते आणि लाकूड आतूनच कुजते, वरचा रंग मात्र छान दिसत राहतो. म्हणून कोपऱ्यांवर आणि डॅगरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायच्या फळीच्या) खाचेभोवती स्क्रूड्रायव्हरची मूठ वाजवून पाहावी. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर किंमत उतरवून घ्यावी किंवा सरळ दुसरी होडी शोधावी. फायबरग्लासची पट्टी कुठे सुटली असेल तर तेवढ्याने घाबरू नये. घासून, वाळवून नवी चिकटवणे घरी जमण्यासारखे आहे.