संचालक मंडळात महिला आल्या की नफा वाढतो?

ताळेबंद:
काडी टाकतोय. ‘बोर्डावर महिला घ्या, नफा वाढेल’ हे ऐकून कान किटले. आधार काय, तर कॅटलिस्ट या अमेरिकी संस्थेचा २००७चा अहवाल. फॉर्च्यून ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या यादीत ज्यांच्याकडे महिला संचालक सर्वाधिक, त्यांचा भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा सर्वांत कमी महिला असलेल्यांपेक्षा ५३ टक्क्यांनी सरस. पण बीज आधी की झाड? बाळसं धरलेल्या कंपनीलाच असले विचार सुचतात. उलट नॉर्वेने २००३ मध्ये बोर्डावर किमान ४० टक्के महिला हव्यात असा कायदा केला, त्यावर अहर्न-डिटमार या अभ्यासकांचा २०१२चा निबंध वाचा. कंपन्यांचं मूल्य घसरलं, कारण घाईत कमी अनुभवाची माणसं भरली.

अर्धा_भागधारक:
अर्धंच वाचलंत. एकबो वगैरेंनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली, तर ठोस घसरण सापडली नाही. कोट्याने कंपन्या बुडाल्या, ही नुसती आवई.

ताळेबंद:
बुडाल्या नाहीत, मान्य. पण तरल्या असंही नाही ना? मग नफ्याचं गाजर कशाला?

शंकेखोर:
गाजर नको, याला +१. पोस्ट आणि बायरन या संशोधकांनी २०१५ मध्ये १४० अभ्यास एकत्र केले. ताळेबंदातल्या नफ्याशी संबंध निघाला तो इवलासा, शेअर बाजारातल्या कामगिरीशी जवळजवळ शून्य. नवल नाही. बोर्ड वर्षातून मोजक्या वेळा बसतं, माल विकत नाही. त्याचं काम राखणदारीचं. तिथे मात्र फरक दिसतो. ॲडम्स-फेरेरा (२००९) म्हणतात, महिला संचालकांची हजेरी चांगली असते आणि त्या आल्या की पुरुषही बैठका कमी चुकवतात! (हे वाचून हसलो.) पण तेच पुढे म्हणतात, कारभार आधीच चोख असेल तिथे जादा देखरेख नफ्याला मारकही ठरू शकते.

ताळेबंद:
आलात ना माझ्याच मुद्द्यावर!

इतिवृत्तवाली:
शंकेखोर नाही आले तुमच्या मुद्द्यावर. मी कंपनी सेक्रेटरी, बैठकांची इतिवृत्तं लिहिते. बोर्डावर एकच बाई असली की तिच्या प्रश्नापुढे ‘नोंद घेतली’ एवढंच लिहायची पाळी येते. दुसरी आली की त्याच प्रश्नावर चर्चा होते. नफा वाढला का, ठाऊक नाही. पण अध्यक्षांचे कॉलेजमित्र बोर्डावर आले, तेव्हा त्यांच्यामुळे परतावा किती टक्के वाढेल, असं कुणी विचारल्याची नोंद माझ्या एकाही वहीत नाही.

ताळेबंद:
ते विचारायला हवं होतं, हे कबूल. पण मग दोघांनाही विचारा, एवढंच म्हणतोय.