'टू बी वर्किंग' आणि नुसतं 'टू वर्क'

इंग्रजीत 'सीम्स टू वर्क' म्हणायचं की 'सीम्स टू बी वर्किंग', या प्रश्नाला 'दोन्ही चालतात' असं उत्तर मिळतं. चालतात, पण अर्थ वेगळे. 'ही सीम्स टू वर्क हार्ड' म्हणजे तो एकंदर मेहनती दिसतो. 'टू बी वर्किंग हार्ड' म्हणजे सध्या मेहनत करताना दिसतोय.

खरी गंमत 'मस्ट'पाशी आहे. तिथे 'टू' गळतो, 'बी वर्किंग' उरतं. 'ही मस्ट वर्क' ऐकलं की सहसा सक्ती जाणवते: त्याला काम केलंच पाहिजे. 'ही मस्ट बी वर्किंग' हा मात्र बहुधा अंदाज: तो काम करत असणार. आपलं 'करत असणार' इथे इतकं चपखल बसतं की वेगळा नियम पाठ करायची गरजच नाही. 'शुड बी वर्किंग' जरा चकवतं, त्यात अंदाजही असतो आणि 'काम सोडून हा करतोय काय?' अशी कुरकुरही. कुठलं ते संदर्भावरून ठरवायचं.

'प्रिटेंड'नंतरही हेच रूप शोभतं: 'शी प्रिटेंडेड टू बी स्लीपिंग', झोपेचं सोंग.

'नो' (माहीत असणं), 'बिलाँग' (मालकीचं असणं) अशा स्थितिवाचक, म्हणजे कृती नव्हे तर स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना मात्र हे रूप लावू नका. 'सीम्स टू बी नोइंग' म्हणजे 'माहीत असावं' नव्हे.