तळजाईवर फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या ग्रुपसाठी एक दिवसाची सहल आणि महिन्याचा मेळावा: सल्ला हवाय

तळजाईकर
नमस्कार मंडळी. रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे, साधारण २५ जणांचा. सगळ्यात धाकटे ६२ चे, सगळ्यात मोठ्या आजी ८४ च्या. पाच-सहा जण पाचगाव पर्वतीच्या जंगलात आतपर्यंत जातात, बाकीचे गेटजवळच्या बाकांवर बसून देश चालवतात. यंदा सहलीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. डिसेंबरात एक दिवसाची सहल काढायची आहे आणि महिन्यातून एकदा कुठेतरी जमायचं आहे. चार जणांचे गुडघे बदललेले आहेत, निम्म्यांना मधुमेह, आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी पोचायचंय. दोन काकूंना देवदर्शन हवंच, दोघे काका म्हणतात देऊळ सोडून कुठेही चला. वर्गणी माणशी हजाराच्या आत. सुचवा.

सदाशिवपेठी
थेऊर. सोलापूर रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. काकूंना चिंतामणी गणपती, काकांना थोरले माधवराव पेशवे. १८ नोव्हेंबर १७७२ ला ते थेऊरलाच वारले आणि रमाबाई तिथेच सती गेल्या. हे सांगितलंत की देऊळ नको म्हणणारेच जास्त वेळ रेंगाळतील. तिथून लोणी काळभोरजवळ रामदऱ्याला जा. देवळाभोवती पाणी, झाडी भरपूर, शांत जागा. चतुर्थी आणि सुट्टीचा दिवस टाळा.

भटक्या_खडकवासला
भुलेश्वर का नाही? यवतजवळ. शिल्पं बघून डोळे निवतात.

सदाशिवपेठी
शिल्पांबद्दल वादच नाही. पण आत चढायच्या पायऱ्या अंधाऱ्या आणि उंच आहेत. बदललेले गुडघे घेऊन तिथे कोण चढणार?

औंधची_आजी
तळजाईकर, जागेचं नाव ठरवायच्या आधी स्वच्छतागृहाचं बघा. हसू नका. आमच्या ग्रुपमध्ये आता क्रमच ठरलाय: आधी स्वच्छतागृह, मग पायऱ्या, मग जेवण, आणि पाहायचं काय ते सगळ्यात शेवटी.

बऱ्याच बायका सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण गाडी कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. मग दुपारी डोकं धरून बसतात, पायात गोळे येतात, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. पुरुषांनाही प्रोस्टेटमुळे तासाभराने जावंच लागतं, तेही कुणी बोलत नाहीत. म्हणून दीड तासाच्या आत एक थांबा, आणि तो आधी जाऊन पाहिलेला हवा. कमोड आहे का हे बघाच. गुडघे बदललेल्यांना उकिडवं बसता येत नाही. ही पाहणी करायला एखाद्या काकूंना पाठवा, काका "व्यवस्था उत्तम आहे" एवढंच सांगत येतात.

टेम्पो ट्रॅव्हलर ठरवणार असाल तर त्याची पहिली पायरी उंच असते. एक बुटकं स्टूल बरोबर ठेवा. मागच्या सीटवर धक्के बसतात, तिथे सगळ्यात वयस्कर मंडळी नकोत.

पेन्शनर_सहकारनगर
एवढ्या गाड्या कशाला ठरवता? एसटीने जा. ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट, ६५ ते ७५ निम्मं तिकीट, बायकांना २०२३ पासून निम्मं. आधार कार्ड खिशात ठेवलं की झालं.

तळजाईकर
काका, सवलत मान्य. पण स्वारगेटला २५ जणांना एकाच गाडीत चढवून सगळ्यांना बसायला जागा मिळवून देणं माझ्या वयाला झेपणारं नाही. चार-पाच जणांनी मिळून जायला एसटी बेस्ट.

चष्मेबहाद्दर
सहल म्हणजे गावाबाहेरच जायला हवं का? तुम्ही स्वारगेटच्या डोक्यावर राहता. २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथून मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला, कल्याणीनगरला उतरा, तिथून आगाखान पॅलेसपर्यंत रिक्षा. गाडी बदलताना भुयारातून थेट वरच्या फलाटावर जायचंय, पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. सरकत्या जिन्याला घाबरणाऱ्यांना आधीच लिफ्टकडे वळवा, नाहीतर अर्धा ग्रुप वर आणि अर्धा खाली अशी गंमत होते.

पॅलेसचं आवार मोठं, झाडांच्या सावलीत निवांत फिरता येतं. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला इथेच स्थानबद्धतेत गेले, दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. आमच्यातले एक निवृत्त इतिहास शिक्षक अर्धा तास बोलले, आणि चक्क कुणी मोबाईल काढला नाही.

मगरपट्टा_मिरची
डिसेंबर आहे तर हुरडा पार्टीच करा हो! शेतावर गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, दही.

तळजाईकर
ताई, तोंडाला पाणी सुटलं. पण सात-आठ जणांना कवळी आहे, आणि गूळ समोर आला की मधुमेहवाले लहान मुलासारखे वागतात.

मगरपट्टा_मिरची
मग हुरडा कोवळा मागा आणि जोडीला थालीपीठ सांगा. डबा नसेल तर जेवण साडेबाराला पानात पडलं पाहिजे, हे शेतवाल्याला निक्षून सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांना "आलंच पंधरा मिनिटांत" चालत नाही.

वारजे_वारकरी
महिन्याच्या मेळाव्याबद्दल लिहितो, त्यावर कुणी फारसं बोललं नाही. हॉटेलात जमू नका. आमच्याकडे बुफे सुरू झाला आणि दोघांनी यायचं बंद केलं. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांची पेन्शन सारखी नसते, काहींना ती नसतेच. आता आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये अंगतपंगत करतो, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. ज्यांना करणं जमत नाही ते ताक आणतात. महिन्यातले सगळे वाढदिवस एकाच दिवशी.

दुसरं, जोडप्यांचे खेळ अजिबात ठेवू नका. ग्रुपमध्ये एकटे राहिलेले किती आहेत ते मोजून बघा. गाण्याच्या भेंड्या, हाउजी, किंवा एखाद्याने आपल्या नोकरीतलं सांगणं. आमच्या निवृत्त वीज कर्मचाऱ्याने बिल कसं वाचायचं ते सांगितलं, त्या दिवशी जितके प्रश्न आले तितके कुठल्याही प्रवचनाला आले नव्हते. सत्कार आणि हारतुरे मात्र बंद.

पेन्शनर_सहकारनगर
हार बंद करा, पण नारळ तरी द्या.

औंधची_आजी
आणि टेकडी चढणं ज्यांचं सुटलंय त्यांना मेळाव्याला घ्यायला रिक्षा पाठवा, खर्च वर्गणीतून. सहलीला प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी: नाव, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, घरचा नंबर. १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये.

तळजाईकर
सगळ्यांचे आभार. डिसेंबरात थेऊर-रामदरा, मधल्या वारी, डबे घरचे. आगाखान पॅलेस फेब्रुवारीत. मेळावा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, नारळावर मतदान घेऊ. रामदऱ्याच्या स्वच्छतागृहाचं कुणी अलीकडे पाहिलंय का?

भटक्या_खडकवासला
मी रविवारी उरुळीला चाललोय. वाट वाकडी करून फोटो काढून टाकतो.

औंधची_आजी
फोटो नको रे बाबा. कमोड आहे का, नळाला पाणी येतं का आणि आतून कडी लागते का, एवढंच लिही. आणि बायकांच्या बाजूचं बायकोला बघायला सांग.